ओवाळणीतली मैना

माझ्या अक्काला तिच्या दिराने फसवलं, आणि मला अक्काने. पहिल्या फसवणुकीला काय म्हणायचं ते मला पक्कं ठाऊक आहे. दुसरीचं अजून ठरत नाही. माणूस गेल्यावर जे लेख छापून येतात त्यांत आधी त्याचे गुण सांगतात, हे मी वाचलेलं आहे. पण मी काही लेखक नाही. झाशीच्या सीपरी बाजारात जुनं लोखंड घेणारा-विकणारा माणूस आहे, आणि माल हातात आला की आधी तडा कुठे आहे ते बघायचं, ही माझी सवय. तेव्हा तड्यापासूनच सुरुवात करतो.

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी झाशीबाहेर बिजौलीतल्या माझ्या शेडमध्ये एका कारखानदाराकडून जुनं यंत्र विकत घेत होतो, म्हणजे भांडत होतो. भाचीचा, कुसुमचा, फोन शेजारच्या कारखान्यात आला. तिथला चौकीदार धावत आला आणि "बाबूजी, वो आपकी दीदी..." एवढं बोलून थांबला. मी कारखानदाराकडे वळलो आणि म्हटलं, "ठीक है, जो आपने कहा वही." उभ्या आयुष्यात मी समोरच्याने सांगितलेला पहिला भाव कधी कबूल केलेला नाही. तो माणूस इतका चपापला की म्हणाला, "अरे भाईसाहब, थोड़ा कम भी चलेगा..." मी तोवर स्कूटरला लाथ मारली होती.

याला आता काही आठवडे झाले. मी राग गिळून बघितला. गिळला जात नाही. कारण तेराव्याला जेवणं उरकल्यावर अक्काचे दीर, भाऊसाहेब, सगळ्यांसमोर बोलायला उभे राहिले. आमच्या इथल्या मराठी मंडळींत ते मोठं प्रस्थ. वय झालंय, अंगावर शाल, आवाजात कंप. म्हणाले, "वहिनींचा जीव मुक्या प्राण्यांवर. ती त्यांची मैना! पण रानातला जीव रानातच शोभतो, म्हणून मी स्वतः तिला ओरछ्याच्या जंगलात सोडून आलो. वहिनींनी ते मोठ्या मनाने मानलं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या हातात विडा होता, तो मुठीतच चुरगळला. मी उठलो नाही, बोललो नाही. तेराव्याच्या दिवशी तमाशा नको, एवढी अक्कल मलाही आहे. पण वर्तमानपत्राच्या पुरवणीत, छापील कागदावर, बोलायला कुणाची हरकत नसावी.

आमचे वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. नोकरीसाठी महाराष्ट्रातून झाशीला आले आणि इथलेच झाले. अक्का दिसायला देखणी, म्हणून तिला पेशवाईपासून झाशीत राहिलेल्या एका घराण्यातून मागणी आली. त्या घरात स्वयंपाकघराला अजून मुदपाकखाना म्हणत, आणि आम्हां रेल्वेवाल्यांना 'नवे लोक'. वडील गेल्यावर मी शाळा सोडून रेल्वेच्या लिलावातलं भंगार हातगाडीवर विकायला लागलो, तेव्हा मी 'नवे लोक'ही राहिलो नाही, सरळ 'कबाडी' झालो. अक्काचा नवरा भला माणूस होता. कुसुम मांडीवर असताना विषमज्वराने गेला, आणि अक्काच्या वाट्याला त्या घरातली मागची खोली आली. कारभार धाकट्या दिराकडे. भाऊसाहेब कचेरीत नोकरीला होते आणि घरातही कचेरीच चालवायचे. दार न वाजवता अक्काच्या खोलीत शिरायचे. वहिनी, हे पत्र कुणाचं? वहिनी, ही साडी कुठून आली? वहिनी, तुमचा भाऊ एवढा वेळ काय बोलत बसला होता? कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पण खोली तिची राहू दिली नाही. अक्का कुरकुरणारी बाई नव्हती. माझ्यापाशी एकदाच म्हणाली, "बंडू, मी ट्रंक उघडली तरी बाहेर पावलं वाजतात रे."

त्या काळात आसपासची छोटी संस्थानं विलीन होत होती आणि राजवाड्यांतलं सामान लिलावात निघत होतं. बग्ग्यांचे आस, हत्तींच्या साखळ्या, पिंजरे... माझ्यासारख्याची चंगळ. एका संस्थानाचा शिकारखाना मोडीत निघाला, तिथे मी पिंजऱ्यांच्या ढिगावर बोली लावली आणि जिंकलो. उचलायला गेलो तर एका पिंजऱ्यात पोत्याखाली काहीतरी फिसकारलं. पोतं ओढलं. आत वाळूच्या रंगाचं, लांब पायांचं, मांजराहून थोराड पिल्लू. कानांच्या टोकांना काळ्या केसांचे झुपके. इकडे त्याला स्याहगोश म्हणतात. राजेलोक पूर्वी पाखरं पकडायला हे जनावर बाळगायचे. उभ्या जागेवरून उडी मारून उडतं कबूतर खाली आणतं. मी तिथल्या कारभाऱ्याला म्हटलं, "हमने लोहा लिया है, जानवर नहीं." तो म्हणाला, "ढेर में जो है, सब आपका. बोली आपने लगाई है, हमने नहीं." खूप भांडलो. त्या दिवशी मला माझ्यासारखाच भेटला होता. गाडीवर पिंजरा चढवताना शिकारखान्यातला म्हातारा नोकर तेवढं म्हणाला, "भैया, एक बात है. ये पलती नहीं. आदमी को बस बर्दाश्त करती है."

माल घेऊन झाशीत शिरलो तो दिवस भाऊबिजेचा. उशीर झाला होता, म्हणून बैलगाडी तशीच अक्काच्या दाराशी लावली आणि धुळीच्या कपड्यांनिशी आत गेलो. अक्काने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली होती, कुंकू लावून मला ओवाळलं. मी पिशवीतून साडी काढली. ती तबक तसंच हातात धरून उभी.

"साडी राहू दे. बाहेर गाडीवर काय फिसकारतंय?"

"स्याहगोश आहे. लोखंडाबरोबर गळ्यात पडलंय. गिऱ्हाईक बघतोय."

"ते दे मला."

"खुळी आहेस का? अगं, चावतं ते!"

"चावतं ना? मग तेच दे."

मी कुणाशीही भाव करू शकतो. पोलिसाशी केलाय, रेल्वेच्या साहेबाशी केलाय. पण निरांजन लावलेल्या तबकासमोर बसून बहिणीशी कसा करायचा? तरी मी दुसरं काहीही माग म्हटलं, भांडं माग, बांगडी माग. ती नुसती बघत राहिली. शेवटी मी कपाळाला हात लावून म्हटलं, "घे बाई." एवढ्यात भाऊसाहेब दारात. "वहिनी, हे काय चाललंय?" अक्का शांतपणे म्हणाली, "ओवाळणी आहे, भाऊजी." आणि भाऊसाहेबांना गप्प बसावं लागलं. कारण भाऊबिजेला भावाने तबकात घातलेली वस्तू बाईची स्वतःची. सासरच्या कुणी तिला हात लावायचा नाही, हे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं. माझ्या साध्यासुध्या अक्काने नेमका तो मुहूर्त धरला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आमच्या घरातलं खरं सौदा करणारं माणूस कोण आहे ते.

नाव तिने मैना ठेवलं. मी म्हटलं, "पाखरं खाणारीचं नाव मैना?" ती म्हणाली, "वाघीण ठेवलं असतं, पण रोज हाक मारायला लांबतं."

आता जी गोष्ट सांगतो ती फक्त आमच्यासारख्यांच्या घरातच होऊ शकते. घर सोवळ्याचं. नैवेद्य, कुळाचार, चातुर्मासात कांदा नाही. तिथे हे मांस खाणारं जनावर! तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी ठरवलं की सवय लावली तर कोणीही सात्त्विक होतं. मैनाला चांदीच्या वाटीतून दूधभात. तिने वास घेऊन तोंड फिरवलं की वर साखर. अक्कालाही वाटलं, आपल्याकडचं मांजर नाही का भातावर राहत? वाढतं पिल्लू ते, भुकेपोटी दूधभात चाटत राहिलं. एक दिवस पोटमाळ्यावरून उडी मारली आणि मागचा उजवा पाय काडीसारखा मोडला. सदर बाजारातले जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी वाटी पाहिली आणि अक्कालाच विचारलं, "माताजी, इसे पंडित बनाना है क्या? हड्डी कच्ची है पूरी." पाय जुळला, पण वाकडा. घोट्याच्या वर बाहेरच्या बाजूला कोन काढून. हा कोन लक्षात ठेवा.

त्यानंतर मांस आणायचं काम माझं. कबाडी असण्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. कबाड्याच्या डब्यात काय असतं ते कुणी विचारत नाही. मागच्या गल्लीतल्या दाराने मी रॉकेलचा डबा घेऊन जायचो, त्यात रॉकेल सोडून बाकी सगळं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना माहीत होतं. मला बघितलं की त्या जोरजोरात जप करायच्या, म्हणजे त्यांनी काही पाहिलं नाही असं ठरायचं. एकदा त्यांतल्याच थोरल्या काकूंनी माळ न थांबवता मला खुणेने विचारलं, जेवली का ती? मी मान हलवली. त्यांनी पुढचा मणी ओढला.

मैना वाढली. आणि म्हाताऱ्या नोकराने सांगितलं तसंच झालं. ती माणसाळली नाही. कुसुमशी कधी कधी दोरीने खेळायची, पण खेळ संपला हे तीच ठरवायची. मला बघितलं की कान मागे टाकायची. आठ-पंधरा दिवसांनी कुणाचा तरी हात ओरबाडलेला. खोलीला असा उग्र वास की अक्काची पातळं वाळत घातली तरी गल्लीला कळायचं. शेजारच्या कबूतरबाजाचं एक कबूतर तिने तीन पायांच्या उडीने पकडलं, तेव्हा तो काठी घेऊन आला आणि त्याला शांत करता करता माझा घसा बसला. मी अक्कावर ओरडायचो, "कशाला हे लोढणं? ना माया लावतं, ना राखण करतं." अक्का हसायची. "राखण करत नाही म्हणतोस?"

मग एका दुपारी मी स्वतः पाहिलं. मैना अक्काच्या पाटावर बसलेली, त्याच भाऊबिजेच्या पाटावर. तो तिने आल्या दिवशीच बळकावला होता. भाऊसाहेब नेहमीसारखे तरातरा आले आणि उंबऱ्यावर पाऊल टाकणार, तोच मैनाने कान सपाट केले आणि अशी फिसकारली की माझ्याही अंगावर काटा आला. भाऊसाहेबांचं पाऊल हवेत राहिलं. ते बाहेरूनच म्हणाले, "वहिनी, ते... पत्र आलं होतं का?" अक्का निवडत असलेल्या तांदळांतून मान वर न करता म्हणाली, "आलं होतं." "कुणाचं?" "माझं." भाऊसाहेब थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. अक्काने तांदळांतला एक खडा काढून टाकला. मला तेव्हा समजलं की माझ्या बहिणीने ओवाळणीत जनावर मागितलंच नव्हतं. तिने उंबरा मागितला होता.

रानातलं जनावर घरात ठेवू नये. आज ठेवलं तर कायदा तुरुंगात घालतो आणि मला तो कायदा पटतो. मैनाने काय पाहिलं? एक खोली, एक गच्ची, गल्लीतलं आभाळ. तिचा पाय आमच्या भाताने गेला. अक्काला हे कळत होतं. वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, गल्लीतल्या बायका गाय-वासराची पूजा करायच्या आणि अक्का लांबून मैनाला ओवाळायची. एकदा ओवाळून झाल्यावर म्हणाली, "आम्ही दोघी एकाच कोठडीत रे. पण मला कुसुम आहे. हिला कोण?"

कुसुम दहा-बारा वर्षांची असताना अक्का ग्वाल्हेरला नणंदेच्या घरच्या लग्नाला गेली. नेईन म्हणून भाऊसाहेबांनीच आग्रह केला होता, आणि ऐन वेळी कचेरीचं काम निघालं म्हणून ते मागे राहिले. अक्का परत आली तर खोली धुतलेली. फिनेलचा वास. पाट भिंतीला उभा. भाऊसाहेब म्हणाले, "ओरछ्याच्या जंगलात सोडून आलो. मुक्त झाली बिचारी. तुम्ही असता तर तुम्हांला बघवलं नसतं." गल्लीने त्यांची वाहवा केली.

अक्काने मला बोलावून घेतलं. आम्ही ओरछ्याला गेलो. बेतवेच्या काठाने, झाडीत, दगडांत ती चप्पल हातात घेऊन चालत होती आणि हाका मारत होती, "मैना... ए मैना..." घाटावर कपडे धुणाऱ्या बायका हसल्या. एकीने विचारलं, "काए बाई, चिरैया उड़ गई का?" अक्का म्हणाली, "हाँ." संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ती एका खडकावर बसली. "बंडू, वाकड्या पायाने ती काय पकडणार रे?" मी म्हटलं, बेडूक पकडेल, उंदीर पकडेल. मी उभा जन्म खोटं बोलून माल विकला आहे. तेव्हा मात्र एक वाक्य धड जमलं नाही.

दोनएक वर्षं गेली. सदर बाजाराजवळच्या बंगल्यातल्या एका साहेबाची बदली झाली आणि त्यांनी सामान विकायला काढलं. मी बघायला गेलो. दिवाणखान्यात कपाटावर एक स्याहगोश उभा होता. पेंढा भरलेला, काचेचे डोळे, तोंड उघडं. मी स्टूल घेऊन चढलो. मागचा उजवा पाय. घोट्याच्या वर बाहेरच्या बाजूला कोन. भरणाऱ्याने आतलं हाड तसंच ठेवलं होतं. मी स्टुलावरून उतरलो. बाईसाहेब म्हणाल्या, "पसंद आया? साहब के दफ़्तर के एक बाबू ने दिया था. मराठी आदमी हैं. बड़े शिकारी हैं, खुद मारा था उन्होंने, ओरछा के जंगल में." आणि त्यांनी भाऊसाहेबांचं नाव घेतलं. भाऊसाहेब आणि शिकार! दाढी करताना कापलं तर रक्त बघून दिवसभर आडवा होणारा माणूस! त्या साहेबाच्याच हाताखाली त्यांना बढती मिळाली होती, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

मी टेबलं-खुर्च्यांच्या सौद्यातच ते घेतलं आणि तडक गाडीवर घालून अक्काच्या घरी नेलं. अंगणात तुळशीजवळ ठेवलं. आरडाओरडा केला. गल्ली गोळा झाली, कबूतरबाज आला, म्हाताऱ्या काकू माळ घेऊन आल्या. भाऊसाहेब पांढरेफटक. मी म्हटलं, "भाऊसाहेब, ओवाळणीची वस्तू आहे ही. माझ्या बहिणीची. सांगा, ओरछ्याच्या जंगलात कपाटं असतात का?" मालासकट माणूस पकडला होता मी. असा पक्का सौदा माझ्या हातात पुन्हा कधी आला नाही. मी अक्काला हाक मारली.

अक्का बाहेर आली. तिने ते पाहिलं. खाली बसली, आणि त्या वाकड्या पायावरून हात फिरवला, वरून खाली, एकदाच. मग ती उठली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ही ती नव्हे."

"अक्का! पाय बघ!"

"बघितला. ही मैना नव्हे, बंडू."

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "ऐकलंत?" ते गल्लीला म्हणाले. "कबाडी जे मिळेल ते उचलून आणतो आणि घरंदाज माणसांच्या दारात टाकतो." लोक हसले. मी ते जनावर पुन्हा गाडीवर घातलं. त्या दिवशी मला कसं वाटलं ते लिहून सांगण्यासारखं नाही. पुढे भाऊबिजेला मी दर वर्षी जात राहिलो, कारण जायचं असतं. अक्का त्याच पाटावर बसवायची. पाटाच्या कडेला मैनाच्या नखांचे खोल ओरखडे. धोतर दर वर्षी अडकायचं, दर वर्षी फाटायचं. मी म्हणायचो, "नवा पाट घे ना, मी आणून देतो." ती म्हणायची, "बस मुकाट्याने." मी बसायचो. पण मनातल्या मनात मी तिच्याशी वर्षानुवर्षं बोलत नव्हतो.

शेवटची भेट तिच्याच खोलीत झाली. अंगात काही राहिलं नव्हतं, आवाज मात्र तसाच. कुसुम औषध आणायला गेली होती. अक्का म्हणाली, "अजून आहे का रे ते तुझ्याकडे?"

मी समजलो. म्हटलं, "शेडमध्ये आहे. विकलं नाही."

"ती तीच होती."

मी खुर्चीतून उठलो. इतक्या वर्षांचा राग एकदम तोंडात आला. "मग तेव्हा काय दातखीळ बसली होती? साऱ्या गल्लीसमोर माझं..."

"ओरडू नकोस. खाली बस." मी बसलो. "त्या महिन्यात भाऊजींनी कुसुमचं लग्न ठरवत आणलं होतं. पोरगी चौदाची, आणि तो बिजवर. शाळा बंद करायची म्हणाले होते. मी किती रडले, ऐकेनात. मग तू ते घेऊन आलास..." ती थांबली, दम घेतला. "त्याच दिवशी दिवेलागणीला मी देवघरात गेले. म्हटलं, भाऊजी, आज मी नव्हे म्हटलंय. उद्या सकाळी होय म्हणू शकते. साहेबापुढेही म्हणेन, की शिकार नव्हती, घरातलं पाळलेलं जनावर होतं. कुसुम शिकेल. तिला हवं तितकं. तिच्या लग्नाचं तुम्ही पुन्हा नाव काढायचं नाही, आणि माझ्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही."

"आणि?"

"आणि काय? कबूल."

सगळं आयुष्य मला वाटत आलं की आमच्या घरात व्यवहार मला कळतो. मी ते जनावर भाऊसाहेबांच्या तोंडावर मारायला आणलं होतं. तिने त्याच जनावरावर मुलीचं शिक्षण करून घेतलं, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मलासुद्धा. मी म्हटलं, "मला एका शब्दाने सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गल्लीत ओरडला असतास. आणि सौदा मोडला असता." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मी आहे तोवर बोलू नकोस. शब्द दिलाय मी." आणि थोड्या वेळाने, डोळे मिटून, जणू मी तिथे नाहीच अशा आवाजात... "पाय अजून वाकडाच होता रे तिचा."

कुसुम आज ग्वाल्हेरच्या कॉलेजात शिकवते. तेराव्याला भाऊसाहेबांनी जंगलाची गोष्ट सांगून झाल्यावर पुढे असंही म्हटलं की पुतणीला शिकवावं ही त्यांची पहिल्यापासूनची इच्छा. तेव्हा कुसुमने त्यांना वाकून नमस्कार केला. मी तो नमस्कार पाहिला आणि ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिला शेडमध्ये नेलं, पोतं काढलं आणि सगळं सांगितलं. ती किती तरी वेळ त्या पायाजवळ बसून होती, तिची आई बसली होती तशीच. मग म्हणाली, "मामा, आप लिख दो." तिची मराठी आईइतकी पक्की नाही, पण हे तिने मराठीतही सांगितलं, मुद्दाम, सावकाश. "लिहा तुम्ही. आईने कबूल केलं होतं. आपण नाही."

अक्काच्या खोलीतून मी दुसरं काही घेतलं नाही. पाट तेवढा आणला. आता दुकानात गादीशेजारी ठेवला आहे. काल त्यावर बसलो तर धोतर अडकलं, आणि पहिल्यांदा मी ते ओढून सोडवलं नाही. तसाच बसलो. इतकी वर्षं ती मला नव्या पाटावर का बसवत नव्हती, ते त्या ओरखड्यांवर हात ठेवल्यावर समजलं. दर भाऊबिजेला ती मला सांगतच होती. मी धोतर सांभाळत होतो.

तर भाऊसाहेब, तुम्ही ही पुरवणी वाचता हे मला माहीत आहे. अक्काने तुम्हांला दिलेला शब्द तिने शेवटपर्यंत पाळला. पण तो सौदा तुमचा आणि तिचा होता. ती गेली, सौदा संपला, आणि मी त्यात कधीच नव्हतो. आता मी विचारतो. ओरछ्याला तुम्ही गेलाच नव्हतात, हे खरं की नाही? मैनाला कुणाकडून मारवलंत? ती पिंजऱ्यात होती, की तुम्ही घाबरता म्हणून ती त्या पाटावर झोपेपर्यंत थांबलात? ज्या लोकांसमोर तुम्ही जंगलाची गोष्ट सांगितलीत, त्याच लोकांना बोलवा, कुसुमला पुढे बसवा, आणि उभे राहून सांगा. माल माझ्याकडे आहे. पाय बघायला या.